बिछायतवाल्याची चौकशी

खामगाव तालुक्यात कोणाचं लग्न निघालं की पहिला फोन भटजीला जात नाही, बिछायतवाल्या श्रीकृष्णाला जातो. भटजी एक नाही तर दुसरा मिळतो, मुहूर्तही पुढेमागे सरकतो. पण वैशाखात मंडप मिळाला नाही तर उन्हात उभे असलेले पाहुणे नवरदेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. गाद्या, खुर्च्या, पडदे, झालरी, आणि नवरा-नवरीचं ते सोनेरी सिंहासन, ज्याच्यावर बसलेला नवरदेव राजा कमी आणि दाढ काढायला आलेला पेशंट जास्त दिसतो, हे सगळं पिंपळगाव राजा गावच्या या पोराकडे होतं. नव्हतं फक्त स्वतःचं लग्न. वय एकतीस, धंदा जोरात, घरची शेती, आणि अंगणात मंडपाचा पत्ता नाही. यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार.

बापाने, म्हणजे उकंडरावांनी, नाव मोठ्या हौसेने ठेवलं होतं. आता श्रीकृष्ण म्हटलं की गोपी आल्याच. पण गोपींचा विषय निघाला की या श्रीकृष्णाला हमखास कुठल्यातरी मंडपाची दोरी सुटल्याचं आठवायचं आणि तो उठून जायचा. लोक म्हणायचे, पोट्टं लाजाळू हाय. लोकांचं बरं असतं, एक शब्द सापडला की ते झोपायला मोकळे होतात.

खरं कारण सरळ होतं, फक्त ते बोलायची सोय नव्हती. श्रीकृष्णाला पुरुष आवडायचे. दहावीत असताना त्याला ते कळलं, आणि तेव्हापासून हे एक वाक्य तोंडातून निसटू नये म्हणून तो इतका जपून बोलायचा की गावाने त्याला गंभीर आणि जबाबदार ठरवून टाकलं. वाक्य निसटलं तर काय, हे त्याला पाठ होतं. पोरीच्या लग्नाचा मंडप त्याच्याकडून कोणी बांधून घेणार नाही आणि उकंडरावांचं पारावर बसणं बंद होईल. आणि नाही निसटलं, तर कुठल्यातरी परक्या पोरीची माळ त्याच्या गळ्यात पडेल, आणि ती बिचारी जन्मभर स्वतःलाच विचारत बसेल, माह्यं काय चुकलं? या दुसऱ्या गोष्टीने त्याची झोप जास्त उडायची.

आजवर त्याला वाचवलं होतं ते जमान्याने. खेड्यातल्या पोराला आता पोरगी मिळत नाही, हे सगळ्या बापांचं दुखणं. श्रीकृष्णाचं मात्र ते कवचकुंडल. पोरीकडून नकार आला की घरात सुतक आणि याच्या मनात दिवाळी. पुष्पाबाई, त्याची माय, डोळ्याला पदर लावायची, उकंडराव मध्यस्थाच्या नावाने बोटं मोडायचे, आणि हा तोंड पाडून दोन पोळ्या जास्त खायचा.

पण देवालाही कधीकधी विनोद सुचतो. सोनाळ्याच्या कौशल्याबाईने आपल्या बहिणीची पोरगी सुचवली. अश्विनी, राहणार सुलतानपूर, लोणार तालुका, शिकलेली. अट एकच: शेतीवाला चालेल, खेड्यातला चालेल, पण पोरगा निर्व्यसनी पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा श्रीकृष्णाला तंबाखू न खाल्ल्याचा पश्चात्ताप झाला.

"आता फक्त चौकशी राह्यली," उकंडराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "करा म्हणा चौकशी! गावात कोणालेबी इचारा."

चौकशी म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको. पोरीकडचा एखादा माणूस नाव-गाव न सांगता येतो. पानटपरीवर, न्हाव्याकडे, किराणा दुकानात गोड गोड बोलून पोराची कुंडली काढतो आणि आला तसा निघून जातो. पोलिसांना जे जन्मात जमलं नाही ते आपले मामे आणि मावसे एका चहात करतात.

इकडे हे चाललेलं आणि तिकडे श्रीकृष्णाच्या फोनमध्ये एक ॲप होतं, कॅल्क्युलेटरच्या मागे लपवलेलं. त्या ॲपवर जिल्ह्याची सगळी अब्रू डोकं कापून उभी होती. एकाचाही चेहरा नाही. कोणी नुसती छाती लावलेली, कोणी मोटारसायकलचं हँडल, एकाने तर सोयाबीनचं पोतं. श्रीकृष्णाने स्वतः लोणारचं सरोवर लावलं होतं आणि नाव ठेवलं होतं राज. बोलणं काय, तर 'हाय', 'फोटो पाठव' आणि 'जागा आहे का?' अरे बाबा, जागा तर भरपूर होती, गाद्यांनी भरलेली अख्खी खोली होती! दोन शब्द बोलायला माणूस नव्हता.

अशात एक 'साधा माणूस' भेटला. नावच तसं घेतलेलं. ॲपवर सगळेच साधे माणूस असतात, पण याने पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलास का?" संपलं. एवढ्या एका प्रश्नावर आमचा बिछायतवाला घायाळ. महिनाभर दोघांनी एकमेकांना नुसतं जेवलास का विचारलं, आणि शेवटी भेटायचं ठरलं.

भेटायचं कुठे? खामगावच्या हॉटेलात जावं तर मालक गिऱ्हाईक निघतो. शेगावला जावं तर दर्शनाला अख्खा जिल्हा आलेला. श्रीकृष्णाने डोकं लावलं. अनोळखी माणसाला कोणीही काही विचारत नाही अशी जगात एकच जागा आहे: दुसऱ्याचं लग्न. पोरीकडचे समजतात हा पोराकडचा, पोराकडचे समजतात पोरीकडचा, आणि दोघेही वाढतात आग्रहाने. पुढच्या आठवड्यात सोनाळ्याला मोठं लग्न होतं, मंडप याचाच. त्याने कळवून टाकलं: मंडपाच्या मागे जनरेटर असेल, तिथे दुपारी ये.

आता हीच अक्कल कौशल्याबाईलाही सुचू शकते, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिने सुलतानपूरला फोन केला: पोरगा आमच्या गावात मंडप घालायले येऊन राह्यला, कोणाले तरी पाठवा आन गुपचूप पाहून घ्या.

लग्नाच्या दिवशी सोनाळ्यात ऊन असं होतं की सातपुडाही सावली शोधत असावा. मंडपात मंगलाष्टकं म्हणायला कोण कोण माईकला लोंबकळत होतं. मागे शकूरभाईंचा जनरेटर धडधडत होता. शकूरभाई गेली कित्येक वर्षं श्रीकृष्णासोबत लग्नं करत होते, म्हणजे लोकांची. ते डिझेलचा कॅन आणायला गेले आणि तेवढ्यात तो आला.

पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, घामाने भिजलेलं कपाळ, आणि डोळे असे शांत की श्रीकृष्णाच्या हातातली दोरीच सुटली.

"तुम्हीच का बिछायतवाले श्रीकृष्ण?"

ॲपवर तर आपण राज! शहाण्या माणसाच्या डोक्यात इथेच घंटा वाजली असती. पण प्रेमात पडलेल्या माणसाला घंटा ऐकू येत नाही, सनईच ऐकू येते. श्रीकृष्णाला वाटलं, बाप्पा! माणूस माह्यं खरं नाव हुडकून आला.

"हाव, मीच," तो म्हणाला. "लांबून आले तुमी?"

"बऱ्यापैकी लांबून. नाव मागून सांगतो." बोलणं जालन्याकडच्या वळणाचं होतं. "थोडं विचारायचं होतं. राग नका मानू."

"राग कायचा? इचारा नं."

दोघे जनरेटरच्या आडोशाला, रिकाम्या गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसले. आणि त्या माणसाने विचारायला सुरुवात केली. घरी कोण कोण असतं? मायबाप कसे आहेत? व्यसन?

"सुपारी बी नाही."

"राग लवकर येतो का?"

"कोणी पडदा उलटा बांधला तं येते."

तो हसला. हसला की चांगला दिसत होता, हे आणखी एक संकट. मग त्याने विचारलं, मायबाप थकले तर त्यांचं कोण करणार? श्रीकृष्ण म्हणाला, मीच, दुसरा कोण हाय? मग विचारलं, घरात नवीन माणूस आलं तर त्याला तुमच्या घरी मान मिळेल का?

श्रीकृष्णाने ॲपवर इतकी वर्षं काढली, त्याची लांबी-रुंदी सगळ्यांनी विचारली; मायबापाचं कोणी विचारलं नव्हतं. जगात कोणीतरी त्याच्याकडे लग्नाच्या लायकीचा माणूस म्हणून पाहत होतं. गावोगावच्या पोरींच्या बापांनी पाहिलं होतं, पण ते याला पाहतच नव्हते, ते एका भलत्याच श्रीकृष्णाला पाहत होते.

"मान म्हंजे? डोक्यावर ठेवीन," तो म्हणाला.

त्या माणसाने दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग खाली पाहत, आवाज बारीक करून विचारलं, "एकटं वाटतं का तुम्हाला कधी?"

आणि धरण फुटलं. श्रीकृष्णाने सगळं सांगितलं. दहावीपासूनचं. "दुसऱ्याईचे मंडप बांधतो नं, तं सिंहासनावर दोघं बसलेले दिसते, आन मले वाटते आपल्या बाजूले कोण बसन? पोरगी डोळ्यापुढं येतच नाही हो, माणूसच येते. घरचे मांगं लागले. आता सुलतानपूरचं एक स्थळ आलं. ते पोरगी चांगली हाय म्हंते, शिकलेली हाय. तिचं कायले वाटोळं करू मी? म्या ठरवलं, कोणी तुमच्यासारखा भेटला तं घरी सांगून टाकीन. मंग गाव काय म्हणीन ते म्हणो."

एवढं बोलून त्याने मान वर केली. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. आणि नेमका तेव्हा खिशातला फोन थरथरला. 'साधा माणूस' लिहीत होता: "माफ कर. निम्म्या रस्त्यातून परत गेलो. हिंमत नाही झाली. जेवलास का?"

श्रीकृष्णाने मेसेज वाचला. परत वाचला. मग शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिलं. "मंग तुमी कोण?"

"भास्कर," तो म्हणाला. "सुलतानपूरचा. अश्विनीचा भाऊ."

त्याच क्षणी आत अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी जीव खाऊन फुंकलं आणि दोनशे माणसं टाळ्या वाजवायला लागली. कोणाचं लग्न आणि कोणाची मयत! श्रीकृष्णाला वाटलं जमीन फाटावी. पण सोनाळ्याची जमीन कडक, ती काही फाटली नाही. भास्कर उठला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शकूरभाई कॅन घेऊन आले आणि म्हणाले, "अरे, मेहमान को खाना तो खिलाओ!" भास्कर जेवला नाही. दुपट्टा झटकला आणि गर्दीत निघून गेला.

पुढचे दिवस श्रीकृष्णाने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. पारावर चार माणसं हसली की वाटायचं आपल्यालाच हसले. चौकशीला आलेल्या माणसाच्या हातात त्याने स्वतःहून सगळी अब्रू ठेवली होती, वरून पाणी विचारलं होतं. आता भास्करने एक शब्द काढायचा अवकाश. मध्येच मात्र एक वेगळाच विचार डोकं वर काढायचा. व्यसन, राग, मायबाप, हे सगळे प्रश्न बहिणीसाठी, मान्य. पण एकटं वाटतं का, हे कोणता भाऊ बहिणीसाठी विचारतो? मग तो स्वतःलाच शिवी द्यायचा. च्या मायले, फाशीच्या तख्तावर उभा हायेस आन जल्लादाचे डोळे पाहून राह्यला बे!

शेवटी कौशल्याबाईचा फोन आला. उकंडरावांनी मोठ्या रुबाबात स्पीकर लावला.

"दाजी, हे बरं नाही केलं तुमी," ती कडाडली. "आमचा भास्कर येऊन चौकशी करून गेला. पोराचं दुसरीकडं जुळलेलं हाय म्हंते! मंग आमच्या पोरीले कायले झुलवत ठेवलं?"

फोन बंद झाला. उकंडरावांचं तोंड काही बंद होईना.

"जुळलं? कोणाशी जुळलं बे? मले, सख्ख्या बापाले पत्ता नाही!"

पुष्पाबाई मात्र स्वयंपाकघरातून धावत आली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. "कोन्या गावची हाय? आपल्यातली हाय का? नसली तं नसली, जाऊ दे. नोकरीवाली हाय का?" अर्ध्या तासात तिने सून मनातल्या मनात नर्स केली, तिची ड्युटी लावली आणि नातवाला अंगणवाडीतही घातलं. श्रीकृष्ण भिंतीकडे पाहत उभा होता. इतकी वर्षं नकार मिळवून जगला, आणि आता एका नकारानेच त्याला चव्हाट्यावर आणलं होतं. उकंडरावांनी फर्मान काढलं, रविवारपर्यंत नाव सांग, नाहीतर या घरात जेवायचं नाही.

अश्विनीच्या बायोडाट्यावर संपर्क म्हणून भावाचा नंबर होता. श्रीकृष्णाने गाद्यांच्या खोलीत जाऊन तो लावला.

"काऊन असं सांगतलं तुमी?"

"मग काय सांगू?" भास्कर म्हणाला. "व्यसनी आहे म्हटलं असतं तर तुमचं नाव खराब झालं असतं. पत्रिका जुळत नाही म्हटलं असतं तर मावशीनं दुसरा भटजी आणला असता. तुमचं जुळलंय म्हटलं की विषय संपतो."

"विषय माह्या घरी सुरू झाला नं, भाऊ! कोणाशी जुळलं ते नाव कोठून आणू मी?"

मग भास्कर म्हणाला, "तुम्ही मला दुसराच कोणीतरी समजू राह्यले, हे मला दुसऱ्याच प्रश्नाला कळलं होतं. तिथंच उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. मी बी बहिणीचं झाल्यावर करतो म्हणून वर्षानुवर्षं लग्न टाळू राह्यलो. तो शेवटचा प्रश्न चौकशीतला नव्हता. तो माझा होता." आणि म्हणाला, "रविवारी येतो."

श्रीकृष्ण खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत कापूस होता आणि चेहरा असा, की पुष्पाबाईला वाटलं नर्सशीच बोलून आला.

रविवारी भास्कर दारात उभा राहिला, अश्विनीचा भाऊ म्हणून ओळख दिली आणि उकंडरावांना चढली हुशारी. त्यांचा समज पक्का: पोरीकडच्यांना पस्तावा झाला, पोरगा हातचा सोडवत नाही. पुष्पाबाई पोह्यांवर कोथिंबीर टाकत धावली. खुर्चीवर घरातली सगळ्यात चांगली चादर पडली. जाहिरात करायची काही बाकी ठेवली नाही बापाने: "पोट्टं सोन्यासारखं हाय हो. ते जुळल्याचं बिलकुल खोटं हाय. लोकं जळतात. तुमी बेलाशक पुढं जा!" आणि वरून पाहुण्याच्या मांडीवर थाप मारून, "तुमाले पसंत हाय नं पोरगा?"

भास्करच्या घशात पोहे अडकले. त्याला पाणी दिलं गेलं. पाणी पिऊन त्याने एकदा श्रीकृष्णाकडे पाहिलं. श्रीकृष्णाचं कपाळ घामाने डबडबलेलं. भास्करला दया आली असावी. तो म्हणाला, "नाही काका, त्या कामाला नव्हतो आलो. बहिणीचं लग्न कुठंही ठरलं तरी मंडप तुमच्याकडूनच घ्यावा म्हटलं. तेच विचारायला आलो."

किती सुंदर थाप! दार उघडं होतं. श्रीकृष्णाने फक्त हाव म्हणायचं होतं, की सगळं जिथल्या तिथे. बाप पारावर, माय स्वप्नात, भास्कर सुलतानपूरच्या एसटीत, आणि हा परत कॅल्क्युलेटरच्या मागे.

"बा," श्रीकृष्ण म्हणाला. "हा पोरीसाठी नाही आला. मंडपासाठीबी नाही आला. माह्यासाठी आला. ते जुळलं म्हंतात नं, ते याच्याशी जुळलं. मले बायको नाही पाहिजे, बा. कधीच नव्हती पाहिजे."

पुष्पाबाईने हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. पडलं नाही, आपटलं नाही. नुसतं ठेवलं आणि तिथेच बसली. उकंडरावांना आधी समजलंच नाही. मग समजलं. ते चेहऱ्यावर समजताना दिसत होतं आणि पाहवत नव्हतं. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि घराबाहेर चालू लागले.

गेला बाप, श्रीकृष्णाला वाटलं. भास्कर उठून उभा राहिला होता, जावं की थांबावं ते त्याला कळेना.

बाहेर अंगणाचं फाटक करकरलं. कडी लागली. मग रस्त्याकडची खिडकी बाहेरून ओढून घेतल्याचा आवाज आला, मग दुसरी. उकंडराव परत आत आले, घराचं दार लावलं आणि खुर्चीत बसले.

"हळू बोलजा," ते म्हणाले. "गावाले कान हायेत." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मले हे समजलं नाही. पटलं तं बिलकुलच नाही. बस म्हणा त्याले, उभा काऊन हाय तो?"

भास्कर बसला.

"कधीपासून हाय हे?"

"दहावीपासून," श्रीकृष्ण म्हणाला.

उकंडरावांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते, आणि हळू बोलायचं ते स्वतःच विसरले.

"दहावीपासून एकटाच घिऊन बसला बे हे?" ते ओरडले. "बाप काय मेल्ता का तुहा?"